कालव्यावरचे घर, दत्तक कुत्रे आणि काठावरचे शेजारी

इंग्लंडमधील कालवे कोळशासाठी खोदले गेले. वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला स्वस्तात पोचावा म्हणून काढलेला ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये खुला झाला, आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत त्या देशाच्या मध्यभागी कालव्यांचे दाट जाळे पसरले. चढउतार ओलांडण्यासाठी या कालव्यांवर ठिकठिकाणी ‘लॉक’ बांधावे लागले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली पाण्याची कोठी, जिच्यात नाव शिरली की पाणी भरून तिला वरच्या किंवा पाणी सोडून खालच्या पातळीला आणता येते. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी ही कोठी सुमारे सात फूट रुंदीची ठरवली, आणि त्याबरोबर तिथल्या नावेची रुंदीही कायमची ठरून गेली: सहा फूट दहा इंच. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाऊ शकते. या निमुळत्या नावेला ‘नॅरोबोट’ म्हणतात. रेल्वे आणि पाठोपाठ रस्ते आल्यावर कालव्यांवरची मालवाहतूक ओसरत गेली, आणि १९६२-६३ च्या हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठून राहिले तेव्हा उरलासुरला धंदाही मोडला. तरीही कालवे सरसकट बुजवले गेले नाहीत, याचे बरेचसे श्रेय एल. टी. सी. रोल्ट यांच्या १९४४ मधील ‘नॅरो बोट’ या पुस्तकाला आणि त्याच्या प्रभावातून १९४६ मध्ये उभ्या राहिलेल्या जलमार्ग-रक्षणाच्या चळवळीला द्यावे लागते. आज इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही २०१२ मध्ये स्थापन झालेली धर्मादाय संस्था सांभाळते, आणि त्यांवर फिरणाऱ्या हजारो नावांपैकी कित्येक ही माणसांची बारमाही घरे आहेत.

या घरांत कुत्री पुष्कळ आहेत, आणि त्यांतली काही आश्रयगृहांतून आणलेली असतात. टाकून दिलेल्या कुत्र्यांना आसरा देण्याची परंपरा त्या देशात जुनी आहे. मेरी टीलबी यांनी १८६० मध्ये लंडनच्या हॉलोवे भागात उघडलेले आश्रयगृह १८७१ मध्ये बॅटरसी येथे गेले आणि आजही चालू आहे. असे एखादे कुत्रे नावेवर राहायला येते तेव्हा त्याचा संसार केवळ माणसाशी जोडला जात नाही. नावेच्या खिडकीपासून हातभर अंतरावर पाणकोंबडीचे घरटे असते, काठाच्या मातीत बिळे असतात, पुलाखालच्या दगडावर पाणमांजर येऊन गेल्याच्या खुणा असतात. बेघर झालेल्या प्राण्याला घर देताना दुसऱ्याच्या घरावर अतिक्रमण होते का, हा इथला खरा प्रश्न आहे. शास्त्रीय वादपद्धतीत आधी पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप घेणारी बाजू, पुरेशा ताकदीने मांडली जाते आणि मगच उत्तरपक्षाला वाव मिळतो. तोच क्रम येथे स्वीकारला आहे. ‘अभ्यासक’ ही जलचर परिसंस्थेचा कैवार घेणारी बाजू आणि ‘नौकावासी’ ही कुत्र्यासह नावेवर राहणाऱ्यांची बाजू. दोन्ही प्रातिनिधिक आहेत.

अभ्यासक : पहिला आक्षेप कुत्र्याच्याच वतीने घ्यावासा वाटतो. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने पाळीव प्राण्याच्या पाच गरजा सांगितल्या आहेत: योग्य जागा, योग्य आहार, स्वभावानुसार वागण्याची मुभा, इतर प्राण्यांबरोबर किंवा त्यांच्यापासून दूर राहण्याची सोय, आणि वेदना व रोग यांपासून रक्षण. आतून जेमतेम सहा फूट रुंद असलेल्या पोलादी खोलीत यातली पहिलीच गरज कशी भागणार? अनेक आश्रयगृहे कुत्रे देण्यापूर्वी कुंपण घातलेली बाग आहे का, असे विचारतात, ते उगाच नव्हे.

नौकावासी : बाग हा माणसाचा निकष आहे. कुंपण घातलेली बाग असलेल्या घरात कुत्रे दिवसभर एकटे राहते, खिडकीशी भुंकते, संध्याकाळी अर्धा तास बाहेर पडते. आश्रयगृहात परत आलेली कुत्री अशाही घरांतून आलेली असतात. नावेवर राहणारा माणूस बहुतेक वेळ कुत्र्याच्या नजरेसमोर असतो, दिवसातून चार वेळा दोघेही काठावर उतरतात, आणि नावेला बागच नसल्यामुळे कुत्र्याला नुसते बाहेर सोडून देऊन फिरवण्याची जबाबदारी टाळता येत नाही. शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडला धावण्याइतकीच झोपण्याची आवड असते, हे त्याला घरी आणणाऱ्या प्रत्येकाला आठवड्याभरात कळते. अरुंद वाटेत त्याला वळताना कमरेतून दुमडावे लागते, हे खरे. पण शेगडीपुढची जागा त्याने एकदा धरली की तिथून त्याला उठवणे अवघड असते.

अभ्यासक : आणि लॉकचे काय? सरळसोट, शेवाळलेल्या भिंती, खाली नावेचा फिरता पंखा.

नौकावासी : त्याबाबत दुमत नाही. लॉकमधून जाताना कुत्रे आत, दार बंद. इतर वेळी अंगात पाठीवर मूठ असलेले तरंगते जाकीट, कारण ज्या काठांना पोलादी पत्रे ठोकलेले आहेत तिथे पडलेल्या कुत्र्याला पाय टेकायला जागाच सापडत नाही आणि त्याला त्या मुठीला धरूनच वर ओढावे लागते. उन्हाळ्यात पत्रा तापतो, तेव्हा सावलीत नाव बांधणे आणि दुपारी कुत्र्याला झाडाखाली नेणे हेही आलेच. ही खबरदारी आहे. राहणीच अयोग्य असल्याचा हा पुरावा नाही.

येथपर्यंत उत्तरपक्षाचे म्हणणे मान्य करण्यास हरकत नाही. कुत्र्याचे सुख चौरस फुटांत मोजता येत नाही, आणि सोबत, सवय व चाल या तिन्ही गोष्टी नावेवर भरपूर मिळतात. खरा वाद कुत्रे काठावर उतरल्यावर सुरू होतो.

अभ्यासक : त्या काठावर ‘वॉटर व्होल’ राहतो. मराठीत त्याला पाणउंदीर म्हणता येईल, पण तो घरातला उंदीर नव्हे. आखूड कान, बोथट तोंड, केसाळ शेपटी आणि शाकाहारी वृत्ती असलेला हा वेगळाच कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी आहे. केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ मधील ‘द विंड इन द विलोज’ या बालकथेतला ‘रॅटी’ तो हाच. एकेकाळी इंग्लंडच्या कोणत्याही ओढ्यावर दिसणारा हा जीव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक ठिकाणांहून नाहीसा झाला आणि २००८ पासून इंग्लंडमध्ये त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. त्याच्या बिळाची जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने नासधूस करणे हा गुन्हा ठरतो. बिळाचे तोंड पाण्याच्या रेषेपाशी असते, भोवतालचे गवत हिरवळ कापावी तसे कुरतडलेले असते, आणि शेजारी तिरप्या कापाच्या देठांची छोटी चवड रचलेली असते. टेरिअर जातीच्या कुत्र्याला पिढ्यान्‌पिढ्या अशाच जागी माती उकरण्यासाठी घडवले आहे. त्याच्या दृष्टीने ते बीळ हे आमंत्रणच असते.

नौकावासी : पण पाणउंदराचा वंश कुत्र्याने संपवला नाही. तो संपवला मिंकने, आणि मिंक तिथे आला माणसाच्या फरकोटासाठी.

हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे. अमेरिकन मिंक हा मुंगसासारखा लांबोडका, पाण्यात तरबेज असलेला मांसाहारी प्राणी. त्याच्या फरसाठी चालवलेल्या शेतांतून निसटलेल्या मिंकांनी १९५० च्या दशकात ब्रिटनच्या रानात वीण घालायला सुरुवात केली. पाणउंदराचा जुना बचाव म्हणजे ‘डुबुक’ असा आवाज करीत पाण्यात उडी घेणे आणि पाण्याखालच्या तोंडातून बिळात शिरणे. मिंकची मादी इतकी सडपातळ असते की तीही त्याच बिळात त्याच्या मागे शिरते, आणि हजारो वर्षे उपयोगी पडलेला बचाव एका पिढीत निकामी होतो. इंग्लंड-वेल्समध्ये फरशेतीवर बंदी २००० च्या कायद्याने आली, तोवर मिंक नदीकाठी सर्वत्र पसरला होता. त्याच काळात काठ ढासळू नये म्हणून पोलादी पत्रे ठोकले गेले आणि बीळ खणायला मऊ माती उरली नाही. म्हणजे पाणउंदराच्या ऱ्हासाचे मुख्य कारण कुत्रे नव्हे, हे नौकावासींचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे.

अभ्यासक : मुख्य कारण नाही, म्हणून कारणच नाही असे होत नाही. ज्या जिवाची शंभर बिळे होती त्याला एक कुत्रे परवडत होते; ज्याची चार उरली आहेत त्याला परवडत नाही. शिवाय दात लागलेच पाहिजेत असेही नाही. घरट्यावरून पक्षी वारंवार उठवला गेला तर अंडी थंड पडतात.

नौकावासी : मग नावेवरच्याच घरट्याचे उदाहरण घ्यावे. चांदवा, ज्याला महाराष्ट्रात कपाळावरच्या पांढऱ्या पट्टीमुळे ओळखतात आणि जो ‘वारकरी’ या नावानेही परिचित आहे, तोच पक्षी इंग्लंडच्या कालव्यांवरही आहे. त्याला बांधून ठेवलेल्या नावेचे सुकाणू किंवा नावेला टांगलेले टायर घरट्यासाठी पसंत पडते. बदक तर छतावरच्या फुलझाडांच्या कुंडीत अंडी घालते. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार वापरात असलेले घरटे हेतुतः मोडता येत नाही. आणि दुसरीकडे १९९५ चा जलमार्गविषयक कायदा सांगतो की, ज्या नावेला स्वतःची कायमची बांधणीची जागा नाही तिने एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून अधिक राहू नये. अशा वेळी ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ला कळवून मुदत वाढवून मागणारे आणि पिल्ले पाण्यात उतरेपर्यंत इंजिन सुरू न करणारे नौकावासी आहेत. त्या दिवसांत कुत्रे नावेच्या पुढच्या दाराने उतरते, मागच्या दाराने नाही. कुत्र्याला हे चार दिवसांत समजते.

अभ्यासक : तो विवेक वाखाणण्यासारखा आहे. परंतु तो प्रत्येक नावेवर असेलच असे गृहीत धरून धोरण आखता येत नाही. इंग्लंडमधील खुल्या माळरानांवर आणि डोंगरांवर, जिथे २००० च्या कायद्याने लोकांना हिंडण्याचा हक्क मिळाला, तिथे १ मार्च ते ३१ जुलै या विणीच्या काळात कुत्रे दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीला बांधलेलेच असावे लागते. कालव्याकाठच्या पाऊलवाटेला, जिच्यावरून पूर्वी घोडे नावा ओढत चालत, हा नियम लागू नाही. तो नौकावासींनी स्वतःहून पाळावा, इतकीच अपेक्षा आहे.

नौकावासी : ती मान्य आहे.

वाद येथे मिटल्यासारखा वाटतो, पण दोन्ही बाजू आतापर्यंत कुत्र्याच्या दातांविषयी आणि पंजांविषयीच बोलत होत्या, म्हणजे जे डोळ्यांना दिसते त्याविषयी. ब्रिटनच्या पाण्यातील वन्यजीवांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास मात्र पुन्हा पुन्हा सांगतो की, मोठा घात न दिसणाऱ्या गोष्टीने केला. पाणमांजर, ज्याला मराठीत ऊदही म्हणतात, त्याची शिकार करण्यासाठी त्या देशात ‘ऑटरहाउंड’ नावाची कुत्र्यांची स्वतंत्र जात पोसली गेली आणि शतकानुशतके ही शिकार चालू राहिली. तरीही पाणमांजर टिकून होते. ते अचानक नाहीसे होऊ लागले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस, आणि या घसरणीचा काळ निश्चित करता आला तो शिकारी मंडळांनी ठेवलेल्या नोंदींमधूनच. कारण होते डिल्ड्रिनसारखी क्लोरीनयुक्त कीटकनाशके, जी बियाण्याला आणि मेंढ्यांच्या अंगाला लावली जात, पाण्यात उतरत, माशांत साठत आणि मासे खाणाऱ्या पाणमांजराच्या शरीरात पोचत. ती औषधे टप्प्याटप्प्याने बंद झाली, १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पाणमांजराला कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि २०११ पर्यंत ते इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात परतल्याचे सरकारी यंत्रणेने जाहीर केले. शेवटचा परगणा केंट हा होता. हंसांचीही कथा अशीच आहे. मासे धरण्याच्या गळाला लावलेल्या शिशाच्या बारीक गोळ्या हंस खड्यांबरोबर गिळत आणि विषबाधेने मरत. १९८७ मध्ये अशा गोळ्यांवर बंदी आली आणि हंस पुन्हा वाढले.

अभ्यासक : म्हणूनच शेवटचा आणि सर्वांत गंभीर आक्षेप कुत्र्याच्या त्वचेवर काय लावले जाते यासंबंधी आहे. पिसवा आणि गोचिडी यांच्यासाठी मानेवर थेंब टाकण्याची जी औषधे मिळतात त्यांतल्या अनेकांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असते. शेतीसाठी उघड्यावर या दोन्हींचा वापर २०१८ पर्यंत जवळजवळ थांबला. तरीही ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०१६ ते २०१८ या काळात इंग्लंडमधील २० नद्यांतून घेतलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ९९ टक्क्यांत फिप्रोनिल आणि ६६ टक्क्यांत इमिडाक्लोप्रिड आढळले. ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणातही पाण्यातील कीटकांच्या अळ्यांना मारक असतात. चतुरांच्या आणि मेफ्लाय या पाणकिड्याच्या अळ्या मेल्या की मासे उपाशी, मासे गेले की खंड्या उपाशी, आणि पाण्यावरून उडणारे किडे टिपणारे वटवाघूळही उपाशी.

नौकावासी : ब्रिटनमध्ये एक कोटीहून अधिक कुत्री आहेत. त्यांतली नावेवर राहणारी किती? नद्यांतल्या या विषाचा भार घराघरांतून येतो, मूठभर नावांच्या माथी तो मारणे न्यायाचे नाही.

अभ्यासक : एकूण भार घरांचाच आहे, यात शंका नाही. परंतु प्रत्येक कुत्र्यामागचा हिशेब वेगळा आहे. त्याच विद्यापीठाच्या पुढच्या अभ्यासात असे दिसले की, औषध लावल्यानंतर किमान २८ दिवस ते कुत्र्याच्या अंगावरून मालकाच्या हातावर येत राहते आणि हात धुतल्यावर पाण्यात जाते. शहरातल्या घरात ते पाणी सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रात जाते. ही केंद्रे सगळे विष काढू शकत नाहीत, पण काही तरी अडवतात. नावेवर शौचालयाचा मैला टाकीत साठवून ठरलेल्या ठिकाणी रिकामा करावा लागतो, मात्र हात धुण्याचे, आंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी सर्रास नावेच्या कडेतल्या नळीने थेट कालव्यात सोडले जाते. ती नळी आणि चांदव्याचे घरटे यांच्यात कित्येकदा दहा फूटही अंतर नसते. आणि कालव्याचे पाणी नदीसारखे वाहत नाही.

नौकावासी : या मुद्द्याचा विचार नावेवर फारसा होत नाही, हे कबूल करायला हवे. मैल्याबद्दल सगळे काळजी घेतात, हाताच्या पाण्याबद्दल कोणाला शंकाही येत नाही. पण दुसरी बाजूही ऐकावी. आश्रयगृहातून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर अनेकदा पिसवांनी केलेल्या जखमा असतात. काठच्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो. औषधच नको, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल.

अभ्यासक : औषधच नको, असे म्हणणेच नाही. पंचांगात तारीख पाहून, पिसू असो वा नसो, दर महिन्याला थेंब टाकण्याची जी सवय लागली आहे तिला विरोध आहे. ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या संघटनांनीही सरसकट उपचाराऐवजी प्रत्येक प्राण्याचा धोका पाहून उपचार करावा, अशी भूमिका घेतली आहे.

पाण्याकडून कुत्र्याकडे येणारे धोकेही आहेत. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर येणारे निळे-हिरवे शेवाळ कुत्र्याचा काही तासांत जीव घेऊ शकते. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, जो पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात ‘लेप्टो’ या नावाने सर्वांना माहीत आहे, तो इंग्लंडच्या कालव्यांतही असतो आणि कुत्र्याला व माणसाला दोघांनाही होतो. कुत्र्यासाठी त्याची लस मिळते व ती दरवर्षी द्यावी लागते. कालव्याच्या पाण्यात कुत्र्याला मुक्त डुंबू देणे त्यामुळे त्याच्याही हिताचे नाही. काठावरच्या जिवांचे हित आणि कुत्र्याचे हित या एका जागी तरी एकमेकांच्या आड येत नाहीत.

दोन्ही बाजू ऐकल्यावर निर्णय नौकावासींच्या बाजूने द्यावा लागतो, परंतु सशर्त. टाकून दिलेल्या कुत्र्याला नावेवर घर देणे योग्य आहे. ज्या काठाला माणसानेच घडवले, बिघडवले आणि पुन्हा जगवले त्यावर माणसाच्या सोबत्यालाही जागा आहे. ती जागा दोरीच्या लांबीइतकी असावी, मार्च ते जुलै या काळात तर निश्चितच. आणि औषधाचा प्रश्न नावेवर राहणाऱ्याने इतर कोणाहीपेक्षा अधिक मनावर घ्यावा, कारण त्याच्या घराची मोरी थेट पाणउंदराच्या दारात रिकामी होते. थेंब टाकताना हातमोजे घालावेत आणि ते कचऱ्यात टाकावेत, वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीपेक्षा कितीतरी अधिक दिवस कुत्र्याला पाण्यात उतरू देऊ नये, त्याचे अंथरूण नावेवर धुऊ नये, आणि पुढच्या वेळी पशुवैद्याकडे गेल्यावर वजन आणि वय सांगण्याआधी हे सांगावे की, कुत्रे नावेवर राहते आणि नावेचे सांडपाणी सरळ कालव्यात जाते.